सादळलेल्या गोळ्या

पापड सादळतो, चिवडा सादळतो, काड्यापेटीही सादळते. कोकणात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आषाढ लागला की मिठाला पाणी सुटते, भिंतींना ओल येते आणि घरातल्या बायका डबे जपून उघडू लागतात. मी हैदराबादला आलो तेव्हा हा शब्द मागेच राहिला. इथे प्रयोगशाळेत आम्ही ‘हायड्रेट’ म्हणतो. हे दोन शब्द एकमेकांचे नातेवाईक आहेत, हे मला पुढे एका घरगुती भांडणामुळे उमगले.

माझे काम औषधांच्या स्फटिकांवर चालते. औषधाचा रेणू एकच असतो, पण असंख्य रेणू एकमेकांशेजारी कसे रचले जातात यावर बरेच काही अवलंबून असते. चिरे तेच असले, तरी नुसते एकावर एक ठेवलेले कुंपण आणि सांधून बांधलेली भिंत यांत फरक असतोच. एका रचनेचा स्फटिक पाण्यात लवकर विरघळतो, दुसऱ्या रचनेचा रेंगाळतो. पोटात न विरघळलेले औषध रक्तात पोचत नाही. पट्टीवर छापलेले मिलिग्रॅम मात्र तेवढेच राहतात.

ही रचना ओळखायला आमच्याकडे रामन सूक्ष्मदर्शक आहे. लेसरचा झोत भिंगातून स्फटिकाच्या साधारण एक मायक्रोमीटरएवढ्या जागेवर पडतो. बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगाने विखुरतो. सुमारे एक कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच रेणूंच्या थरथरीशी ऊर्जेची देवघेव करून किंचित बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. तेवढ्यावरून आलेख उमटतो. शेजारचे रेणू बदलले की थरथर बदलते आणि आलेखातली शिखरे थोडी सरकतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांना हा परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सापडला, तेव्हा लेसर नव्हता. तो १९६० साली आला. त्याच संस्थेत केदारेश्वर बॅनर्जी क्ष-किरणांनी नॅफ्थलीन आणि अँथ्रासीनच्या स्फटिकांची रचना उलगडत होते. नॅफ्थलीन म्हणजे आमच्या आजीच्या ट्रंकेतली डांबराची गोळी.

आता भांडण. माझ्या आतेभावाला लहानपणापासून आकडी येते. तो कार्बामाझेपीनच्या गोळ्या घेतो आणि वर्षाचे आठ महिने बरा असतो. पावसाळ्यात त्रास वाढायचा. वाडीत कोणी अमावास्या-पौर्णिमेकडे बोट दाखवायचे, कोणी देवस्की सुचवायचे. आत्याचा संशय अधिक साधा होता : हा गोळ्या गिळत नाही, मोरीत टाकतो. चौतीस वर्षांच्या माणसाला तोंड उघडून जीभ दाखवावी लागायची. तो दाखवायचा आणि नंतर दिवसभर बोलायचा नाही.

गणपतीला गेलो तेव्हा गोळ्यांचा डबा पाहिला. आत्या महिन्याच्या गोळ्या पट्टीतून सोलून मोजून पत्र्याच्या डब्यात ठेवायची, म्हणजे हिशेब राहतो. डबा न्हाणीच्या चुलीवरच्या फळीवर होता, कारण तिथे उंदीर जात नाहीत. मी एक गोळी नखाने दाबली. पापड सादळला की मऊ पडतो, ही गोळी उलट टणक झाली होती. दोन गोळ्या बंद कुपीत घातल्या आणि सोबत न उघडलेली एक पट्टी घेतली.

वरिष्ठांची परवानगी घेऊन शनिवारी दुपारी बसलो. आधी सिलिकॉनच्या तुकड्यावर यंत्र तपासले. त्याचे शिखर ५२० जवळ आले की आम्ही पुढे सरकतो. मग पट्टीतली गोळी फोडून ठेवली. नेहमीची, पाणी नसलेली रचना दिसली. डब्यातल्या गोळीच्या पृष्ठभागावर भिंगातूनच बारीक सुया उगवलेल्या दिसत होत्या. लेसरची ताकद अगदी कमी ठेवली, कारण जास्त तापवले तर स्फटिकातले पाणी उडून जाते आणि आपण जे बघायला आलो तेच पुसले जाते. आलेख आला. शिखरे सरकलेली होती. सुया डायहायड्रेटच्या होत्या : औषधाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू, पाण्यात विरघळायला मूळ रूपापेक्षा मंद.

हा शोध माझा नव्हे. ओल लागलेल्या कार्बामाझेपीनच्या गोळ्या कडक होतात आणि त्यांचा एक तृतीयांशापर्यंत प्रभाव जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० च्या सुमारास दिला होता. ‘कोरड्या जागी ठेवा’ हे पाकिटावरही असते. पण आत्याच्या दृष्टीने न्हाणीची फळी, चुलीच्या वरची, घरातली सर्वांत कोरडी जागा होती. आणि आकडीला झोपमोड, ताप, दगदग अशी इतर कारणेही असतात. माझ्या आलेखाने आजार समजावला नाही. त्याने एवढेच सांगितले की गोळ्या तशा राहिलेल्या नव्हत्या.

आत्याला फोन केला. म्हटलं, “आत्या, गोळ्या सादळल्यात.”

“मग उन्हात घालते.”

“नको. वाळवल्या तरी आतली वीण पहिल्यासारखी बसेलच असं नाही. पट्टीतच राहू दे. रोज एक फोड. आणि डॉक्टरांना दाखवा, ते रक्तातलं प्रमाण तपासतील.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, “म्हणजे तो गिळत होता?”

यंत्राला हे ठाऊक असायचे कारण नव्हते. मलाही आलेखात ते दिसले नव्हते. पण सुया दिसल्यानंतर त्याला खोटा ठरवायला आमच्याकडे काही उरले नव्हते, आणि मी तिला तेच सांगितले.

डॉक्टरांनी तपासणी केली, नवी पट्टी दिली, ठेवायची पद्धत लिहून दिली. पुढच्या पावसाळ्याबद्दल मी कोणतेही आश्वासन दिलेले नाही. पट्ट्या आता माजघरात, आतेभावाच्या कपाटात असतात आणि किल्ली त्याच्याकडे. हिशेबही तोच ठेवतो. जीभ दाखवायला कोणी सांगत नाही.