पान सुटलं, शेंडा अडकला

औंढ्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत आमच्या काकांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "भांग चालती, मंग गांजानं काय घोडं मारलं? झाड तर एकच की!"

मुद्दा बिनतोड. म्हणून एका शनिवारी १९८५ चा एनडीपीएस कायदाच उघडून बसलो. (हो, लग्न व्हायचंय अजून.) गंमत व्याख्येतच आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्यात. म्हणून भांग सुटली! पण थांबा, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदाही आहे, आणि त्यात भांगेला परवाना लागतो. म्हणजे काकांचं "चालती" अर्धंच खरं.

बरं, हे सगळं नवीन नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रजांच्या आयोगाने हजारावर साक्षी घेऊन सांगितलं होतं की सरसकट बंदी नको, कर आणि परवाने पुरेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वात कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ असा निसटता मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. घरचा कायदा मात्र जागचा हलला नाही.

हॉस्टेलवर एकाचं अख्खं वर्ष यात गेलेलं पाहिलंय, त्यामुळे "निसर्गोपचार आहे रे" वाल्यांशी माझं जमत नाही. पण अडकतो कोण ते बघा. २० किलोच्या वर गेलं की किमान १० वर्षं सक्तमजुरी. आता या वजनात शेंडे किती आणि पानं-देठ किती? हा वाद २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जामिनाच्या अर्जावर आला, आणि जामीन मिळाला. वकील परवडला तर व्याख्या कामाला येते. कापसात चार झाडं लावणाऱ्याचं काय? ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तर कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकर गांजाची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती.

माझं मत: वर्गवारी झाडाच्या अवयवावरून नको, टीएचसीच्या प्रमाणावरून हवी. उत्तराखंडने २०१८ पासून ०.३ टक्क्यांच्या आतल्या तागासारख्या वाणाला परवाने दिलेच आहेत. धाग्यासाठीचं पीक वेगळं, ओढणारा वेगळा, विकणारा वेगळा.

अडचण मोजण्याची आहे. औंढ्याजवळ लायगो उभं राहतंय, २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले. प्रोटॉनहून बारीक हालचाल टिपणार म्हणे. शेजारच्या शेतातल्या झाडात टीएचसी किती, हे तालुक्यात कोण मोजून देणार?