यंदाचीं गाणीं

वर्षअखेर जवळ आली कीं मनुष्यास हिशेब करण्याची लहर येते. दुकानदार जमाखर्च ताडून पाहतो, गृहिणी साठवणीचे डबे उघडते, आणि आमचे चिरंजीव वर्षभरांत आवडलेल्या दहा गाण्यांची यादी करतात.

ही खोड घराण्यांतलीच आहे. आमचे वडील अण्णा हे बालगंधर्वांनंतर गाणें झालेंच नाहीं अशा मताचे गृहस्थ. तरीही बुधवारीं रात्रीं आठ वाजतां रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींचा आवाज आला कीं ते आपली जाड वही काढून बसत. 'बिनाका गीतमाला' 1952 सालीं सुरू झाली. वर्षाच्या शेवटीं तींत वर्षभरांतील गाण्यांची क्रमवारी लागे, आणि अण्णा ती तांबड्या शाईनें उतरून घेत. खालीं एक ओळ मात्र त्यांची स्वतःची असे : 'मुलास आवडलेलें,' आणि पुढें आमच्या आवडत्या गाण्याचें नांव. तें गाणें त्यांना सहसा आवडत नसे. पण नोंद कधीं चुकली नाहीं.

असो. 2024 च्या डिसेंबरची अखेरची रात्र आम्हीं सहकुटुंब भंडारदऱ्यास घालविली. 1926 सालीं पुरें झालेलें विल्सन धरण, त्यानें अडविलेली प्रवरा, पैलाड रतनगडाची काळी रेघ आणि हाडांत शिरणारी थंडी, असा सर्व थाट होता. कांठाकांठानें तंबू लागले होते. प्रत्येक तंबूचा स्वतंत्र ध्वनिवर्धक, आणि प्रत्येकाचें गाणें निराळें. आम्ही उतरलों होतों तें घर रतनवाडीच्या वाटेवर, या गोंगाटापासून जरा दूर होतें. अंगणांत शेकोटी पेटली आणि चिरंजीवांनीं यादी वाचण्यासाठीं फोन काढला.

फोनला रेंज नव्हती. चिरंजीवांचीं गाणीं घरांतल्या कपाटांत नसतात. तीं दूर कोठेंतरी असतात आणि मागणी केल्यावर हवेंतून येतात. हवा रुसली, तेव्हां दहाही गाणीं मुकीं झालीं. आम्हांस मनांतून थोडा आनंदच झाला. आम्ही म्हणालों, "जें मुखोद्गत असेल तेवढेंच खरें गाणें. म्हण पाहूं."

आमची अशी खात्री होती कीं एकही येणार नाहीं. पण त्यांनीं संजू राठोड यांचें 'गुलाबी साडी' सुरू केलें, आणि दुसऱ्या ओळीला घरमालकांचीं दोन नातवंडें ओटीवरून धांवत आलीं. त्यांना तें शब्दन् शब्द पाठ होतें. पुढें 'तांबडी चामडी' आलें. क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचें हें नृत्यगीत. तें नेदरलँड्समधील एका नामांकित कंपनीनें प्रसिद्ध केलें, ही माहिती आम्हांस त्या शेकोटीपाशीं मिळाली. तें सारें ठेक्यावर उभें. यंत्र नसतां त्यांत काय उरणार? चिरंजीवांनीं तेलाचा रिकामा डबा उपडा घातला, आणि पुष्कळ कांहीं उरलें. आमच्या सौभाग्यवतींनीं ताल धरल्याचें आम्हीं स्वतः पाहिलें.

"बाबा, तुमचें यंदाचें गाणें कोणतें?"

आम्हीं तत्काळ 'जैत रे जैत'चें नांव घेतलें. डोंगरांत बसून महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल आठवूं नये तर काय करावें?

"तें 1977 चें, बाबा. मीं यंदाचें विचारलें."

आम्ही आठवूं लागलों. मग गेल्या वर्षाचें, त्याच्या मागच्या वर्षाचें. वर्गांत वर्डस्वर्थ शिकवितांना जिवंत कानाचें माहात्म्य सांगणाऱ्या ह्या प्राध्यापकास गेल्या दहा वर्षांतील एकही गाणें मुखापासून शेवटापर्यंत ऐकल्याचें आठवेना! जी. एन. जोशी यांनीं ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गायिली आणि मराठी भावगीत घरोघर पोंचलें, त्या काळीं नाट्यगीतांवर पोसलेल्या मंडळींनीं नाकें मुरडलीं असतील, त्यांची आम्ही वर्गांत थट्टा करीत आलों होतों. आतां त्याच पंगतींत आमचें पान मांडलेलें होतें.

"दहावें राहिलें," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या.

चिरंजीव जरा घुटमळले. हल्लीं चित्रपटाच्या वा मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून जीं गाणीं तरुण मंडळी स्वतःच रचून, गाऊन लोकांपुढें ठेवतात, त्यांस ते 'इंडी' म्हणतात. दहावें गाणें तसलेंच, आणि खुद्द त्यांचें होतें. आठ महिन्यांपूर्वीं तें त्यांनीं प्रसिद्ध केलें. 312 जणांनीं ऐकलें. त्यांत आई होती. आम्ही नव्हतों. कॉलेजांत असतांना त्यांनीं प्रथम चाल बांधली, तेव्हां आम्ही वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां म्हणालों होतों, "परीक्षा झाल्यावर बघूं." परीक्षा होऊन तीन वर्षें झालीं होतीं.

ते गायिले. पुण्यांतील भाड्याची खोली, रात्रभर ठिबकणारा नळ, आणि घरीं फोन करावा कीं न करावा हा विचार, एवढाच विषय. पहिलें कडवें भरकटतें. तिसऱ्या ओळीस चाल अडखळते. दुसरें कडवें मात्र खरोखर चांगलें आहे. तें चालूं असतां आम्हीं शेकोटींत एक लांकूड सारलें. वास्तविक त्याची कांहीं गरज नव्हती.

"पुन्हां एकदां म्हण," आम्ही म्हणालों. त्यांनीं म्हटलें. पलीकडच्या तंबूंतून नव्या वर्षाचा गलका उठला, आणि शेवटची ओळ ऐकण्यासाठीं आम्हांस पुढें वांकावें लागलें.

घरीं परतल्यावर अण्णांची वही शोधली. न आवडणारीं गाणीं त्यांनीं वर्षानुवर्षें आमच्यासाठीं लिहून ठेवलीं. आम्हांला तर याहून सोपें काम होतें, आणि तेंही आम्हीं टाळलें. मागच्या कोऱ्या पानावर तांबड्या शाईनें 2024 साल घातलें, चिरंजीवांच्या गाण्याचें नांव लिहिलें, आणि संवयीनें पुढें शेरा मारला : 'तिसरी ओळ सुधारावी.'

वही टेबलावर तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों शेरा खोडलेला, आणि खालीं चिरंजीवांच्या अक्षरांत लिहिलेलें : 'बाबांस आवडलेलें,' व पुढें जागा कोरी.

ती आम्हीं भरली आहे.