विंचवाचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो, ते बहुधा कीव करून. पण अमेरिकेत माणसे हौसेने विंचू होतात आणि पदरचे पैसे खर्चून आपले बिऱ्हाड मोटारीमागे ओढत हिंडतात. गेल्या वर्षी ऐन दिवाळीत आम्ही उभयता लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या भाच्याकडे गेलो होतो. भाचा, भाचेसून, त्यांची दोन मुले आणि आम्ही अशा सहाजणांनी हे विंचूपण चार दिवस भोगले. मुक्काम ठरला होता डेथ व्हॅलीत, म्हणजे साक्षात मृत्यूच्या दरीत! "लक्ष्मीपूजनाला असल्या नावाच्या ठिकाणी?" असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारून घेतले, पण मुलांपुढे त्यांचे काही चालले नाही.

बिऱ्हाड म्हणजे दोन चाकांची एक बुटकी पेटी. मुक्कामी पोचले की छत वर उचलायचे, दोन्ही बाजूंचे पलंग खणासारखे बाहेर ओढायचे, कापडी भिंती ताणायच्या, की झाले घर! ती ओढायला घरचीच मिनीव्हॅन. तिची ओढण्याची ताकद कागदोपत्री ३५०० पौंड, म्हणजे सुमारे १५९० किलो; आणि भरलेली पेटी हजार किलोंच्या आत. मग चिंता कसली, असे आपल्याला वाटते.

पण खरा हिशेब निराळाच असतो. गाडी आणि पेटी जिथे जोडतात, त्या सांध्यावर पेटीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडावा लागतो. कमी पडला तर पेटी शेपटीसारखी हलू लागते. फार पडला तर गाडी मागे बसते आणि पुढची चाके हलकी होतात. शिवाय हा भार गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात धरायचा. त्याची मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेली असते आणि सहा माणसे बसल्यावर तीत उरते थोडेच! भाच्याने सारा लवाजमा मालमोटारींच्या वजनकाट्यावर तोलून आणला आणि म्हणाला, "मामी, पन्नास किलो उतरवावे लागतील." मुलांच्या सायकली उतरल्या, लोखंडी शेगडी उतरली. पाणी आणि फराळ मात्र राहिले. फक्त फराळाचा डबा पेटीच्या मागल्या टोकाकडून चाकांच्या पुढे आला.

मोहावीच्या वाळवंटातून आम्ही निघालो. कॅलिफोर्नियात मागे काही ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा. त्यामुळे सारे जग आम्हांला ओलांडून जात होते. असाच एक भला मोठा ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने पेटी डावी-उजवीकडे झुलू लागली. मुलांचे गाणे थांबले. भाचेसून गाडी चालवत होती. तिने ब्रेकवर पाय ठेवला नाही. चाक सरळ धरले, वेग आपोआप उतरू दिला आणि हाताने एक छोटी कळ दाबली. त्या कळीने फक्त पेटीचे ब्रेक लागतात. मागून कुणी लगाम खेचावा तशी पेटी सरळ झाली. १५०० पौंड आणि त्यावरच्या अशा पेट्यांना ब्रेक असलेच पाहिजेत, हा तिथला कायदा कशासाठी आहे, ते मला तेव्हा उमगले.

पुढे पॅनामिंटची दरी ओलांडून टाउन पासचा घाट लागला. माथा ४९५६ फुटांवर. चढावर इंजिन तापू नये म्हणून गाडीतले वातानुकूलन बंद ठेवा, अशा पाट्या. पण खरी परीक्षा पलीकडे. तिथून सुमारे सतरा मैलांत रस्ता थेट समुद्रसपाटीला उतरतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्या बोरघाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम. भाचेसुनेनेही माथ्यावरच खालचा गिअर टाकला. ब्रेक दाबायचा तो घट्ट आणि थोडाच वेळ. पाय त्यावर ठेवूनच दिला तर ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा दगा देतात. तळाशी पोचेपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

याच तळाशी १८४९ च्या डिसेंबरात सोन्याच्या मागे निघालेले तांडे अडकले होते. त्यांतल्या काहींनी बैल मारले, आपल्याच गाड्या जाळून त्या जाळावर मांस वाळवले आणि पायी डोंगर ओलांडला. दरीला हे नाव पडले ते त्या तांड्यांमुळे. भाच्याने ही हकीकत सांगितल्यावर मुलांनी सायकलींचे नाव पुन्हा काढले नाही.

आमचा तळ फर्नेस क्रीकला, समुद्रसपाटीच्या सुमारे १९० फूट खाली पडला. रात्र अमावास्येची. या दरीचा अंधार २०१३ पासून मुद्दाम जपलेला. त्यात तारे इतके, की मुले माना दुखेपर्यंत पाहत राहिली. सौभाग्यवतींनी पेटीतल्या चिमुकल्या ओट्यावर पणती लावली, पूजा केली आणि हळूच विचारले, "परत जाताना तोच घाट चढायचा ना गं?"

"चढाचे काय, मामी," भाचेसून म्हणाली, "इंजिन तापले तर बाजूला थांबता येते. कठीण होता तो उतार, तो झाला."

तोवर फराळाचा डबा निम्मा रिकामा झाला होता. तेवढेच वजन कमी, असे म्हणून मी आणखी एक करंजी उचलली.