वर्गाच्या उंबरठ्यावर

विज्ञानशिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणास त्याचे कारण विचारले, तर तो प्रथम समाजसेवेचे नाव घेतो. ओळख वाढल्यावर निराळी कारणे पुढे येतात. कोणाचा वैद्यकीय प्रवेश थोड्या गुणांनी हुकलेला असतो. कोणाच्या घरी नियमित पगाराची निकड असते. मुलीने गावाजवळच नोकरी करावी, अशी कोणा वडिलांची अट असते. यांत लाजण्यासारखे काही नाही. परंतु ही कारणे माणसास वर्गाच्या उंबरठ्यापर्यंतच आणून सोडतात.

आत नेणारे कारण पुढे, कामातच सापडते. १९७२ साली मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून, सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. तेथील प्रशिक्षणात शिक्षक ते प्रयोग आधी स्वतः करीत, फूल उकलून पाहत, मोजत आणि चुकतही. मुलाच्या अनपेक्षित प्रश्नापुढे ‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ असे म्हणण्यात त्यांस कमीपणा वाटण्याचे कारण उरले नाही.

२००२ साली शासनाने तो उपक्रम बंद केला. मात्र जेथे असे म्हणण्याची मुभा नाही, तेथे पगारासाठी आलेलाच नव्हे, तर ध्येयाने आलेला शिक्षकही निवृत्तीपर्यंत उंबरठ्यावरच उभा राहतो.