पृथ्वी पडेल तरी कुठे?

ग्रीक तत्त्वज्ञान शिकवते म्हटल्यावर हल्ली कंपन्यांच्या कार्यशाळांची बोलावणी येतात. आयोजकांना हवा असतो हेराक्लायटस. त्याचं नदीबद्दलचं वाक्य पडद्यावर झळकलं की सर्जनशीलतेचा तास सत्कारणी लागला! मला सुभाषितांपेक्षा युक्तिवाद जास्त कामाचे वाटतात, म्हणून मी ॲनॅक्सिमँडर काढते.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस नावाचं व्यापारी बंदर होतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिथल्या थेलीसने सांगितलं, की पृथ्वी पाण्यावर ओंडक्यासारखी तरंगते. मग पाणी कशावर? त्याच्या खाली आणखी काही ठेवलं, तर तोच प्रश्न एक मजला खाली उतरतो. त्याच गावच्या ॲनॅक्सिमँडरने आधार शोधणंच सोडून दिलं. पृथ्वी मधोमध आहे, चहूकडचं अंतर सारखं आहे. मग तिने अमुकच बाजूला जावं, याला कारण काय? कारण नाही, म्हणून ती जागच्या जागी.

कार्यशाळेत मी इथे थांबते आणि प्रत्येकाला आपापली अडचण अशीच उलटी मांडायला सांगते. फाइल पाच टेबलांवरून लवकर कशी सरकेल, यावर डोकं खाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतं, ती सरकायला हवीच का? बहुतेकदा पुढचा अर्धा तास मला बोलावंच लागत नाही.

पण नुसत्या उलटण्याने भागत नाही. स्वतः ॲनॅक्सिमँडरची पृथ्वी गोल नव्हती. ती खांबाच्या तुकड्यासारखी होती, रुंदीच्या एक तृतीयांश उंचीची, आणि आपण तिच्या सपाट माथ्यावर. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९५८ च्या एका भाषणात यावर नेमकं बोट ठेवलं: समतोलाचा विचार शेवटपर्यंत नेला असता तर तो गोलापर्यंत पोचला असता, डोळ्यांना दिसणाऱ्या सपाट जमिनीने त्याला अडवलं. ॲरिस्टॉटलचा आक्षेप तर अधिक बोचरा आहे. मध्यावर असणं एवढंच कारण पुरेसं असेल, तर तिथे ठेवलेली आगही तिथेच राहायला हवी. ती मात्र वर जाते. शिवाय मातीचं ढेकूळ पृथ्वीकडेच का येतं, हे या युक्तिवादातून कळत नाही.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात, म्हणजे ११५० मध्ये, हाच प्रश्न घेतला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख ज्यांच्या घराण्याचा, तेच हे भास्कराचार्य. मिलेटसशी त्यांचं नातं मी ओढूनताणून जोडणार नाही. मला रस आहे तो मांडणीच्या क्रमात. आधाराला आधार लावत गेलं तर शेवट नाही, आणि शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने उभा असेल तर ती शक्ती पृथ्वीलाच का मानू नये, असं ते आधी विचारतात. मग सांगतात, की पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तू स्वतःकडे ओढते, आणि आपल्याला त्या पडताना दिसतात. ढेकळाचा हिशोब इथे चुकता होतो. त्यानंतर कुठे ते विचारतात: आकाश सगळीकडे सारखंच, तर ही पडेल कुठे?