एप्रिलचा बर्फ आणि आदली रात्र

हिमालयातला हिमस्खलनाचा धोका थंडीबरोबर संपत नाही. पश्चिमी विक्षोभ एप्रिलमध्येही बर्फ आणतात. 23 एप्रिल 2021 रोजी उत्तराखंडातील सुमना येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावण्यांवर हिमस्खलन कोसळले, ते अशाच अवेळी झालेल्या हिमवृष्टीनंतर. गिर्यारोहणाचा हंगामही हाच: त्याच्या आठवडाभर आधी, 16 एप्रिलला, पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेचे गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या शिखरावर होते. आता शाळांना सुट्ट्या लागल्या की नागपूर-पुण्याचे आणि छत्तीसगडातल्या भिलाई-अहिवाऱ्याकडचे हौशी ट्रेकरही हिमाचलात, उत्तराखंडात पोचतात. बर्फ जुना झाला, आता भीती नाही, असे त्यांना खुशाल सांगितले जाते. हे सांगणे घातक आहे.

हिवाळ्यात बहुधा आतला कच्चा थर तुटतो आणि वरची लादी सुटते. वसंतात मुख्य कारण पाणी. उन्हाने वितळलेले पाणी कणांमधून खाली झिरपते, कणांना जोडणारे सांधे विरघळवते आणि एखाद्या कठीण थरावर किंवा गुळगुळीत कातळावर साचते. मग वरचा सगळा भार निसटतो. ओले हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येते, पण वजनाने कितीतरी भारी असते. थांबताक्षणी ते इतके घट्ट होते की हाताने उकरणे अशक्य.

या बर्फाला आवर घालते ती रात्र. निरभ्र, कोरड्या रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात फेकतो, आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठू शकतो. पहाटे त्यावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायचे दाते, नीट धरतात. उन्हाने वरचा थर भरड रव्यासारखा सुटा होईपर्यंत चाल त्यातल्या त्यात सुरक्षित असते. आधी पूर्वेकडचे उतार नरमतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे.

‘पहाटे दोनला निघा, दुपारपूर्वी परता’ हा नियम यातूनच आला. नियम चांगला आहे, पण तो घड्याळावर सोपवणे चूक आहे. रात्रभर ढग राहिले तर तेच ढग बर्फाची उष्णता त्याच्याकडे परत पाठवतात. मग पृष्ठभाग गोठत नाही, किंवा वर पातळ पापुद्रा धरतो आणि खाली कालचे पाणी तसेच राहते. अशा दिवशी पहाटे तीनचा उतारही दुपारच्या उताराइतकाच बेभरवशाचा. म्हणून तंबूतून बाहेर आल्यावर आधी पाहायचे आकाश, आणि मग बुटाचा ठसा. ठसा जेमतेम उमटला तर पुढे जावे. पाय घोट्याच्या वर रुतत असेल तर उभे उतार त्या दिवसापुरते सोडावेत. ठरल्या तारखेला शिखर दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या सहलींना हे पटत नाही, आणि अपघातांची बीजे बहुतेकदा तिथेच पडतात.

लोंबत्या हिमखंडांना, म्हणजे सेरॅकना, रात्रीचाही नियम लागू नाही. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात असाच सेरॅक कोसळून 16 नेपाळी कामगार दगावले, ते सकाळी सातच्या आत. सेरॅकखालून जाणे टाळावे. टळत नसेल तर तिथे न रेंगाळणे एवढेच हाती उरते.

लादी सुटण्याचा धोका मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर असतो. माणूस सौम्य उतारावर असला तरी वरचा उतार उभा असेल तर तो सुरक्षित नाही. आरोळीने हिमस्खलन होते हा समज मात्र कितीही खोडला तरी जात नाही. आवाजाचा दाब त्यासाठी फारच तोकडा आहे. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते सुरू होते त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने. म्हणून धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी.

डीआरडीओच्या चंडीगड येथील डीजीआरई प्रयोगशाळेचे हिमस्खलनाचे इशारे जिल्हा प्रशासनामार्फत मिळतात; निघण्यापूर्वी ते वाचावेत. ते मोठ्या भागासाठी असतात, समोरच्या एका उताराचा निर्णय तिथेच घ्यावा लागतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची शक्यता बरीच असते, त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत ती झपाट्याने घटते. एवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचे फावडे प्रत्येकाकडे हवे, ट्रान्सीव्हर अंगावर आणि सुरू हवा, आणि शोधाचा सराव गटाने एकत्र केलेला हवा.