भुरूचं गळू आणि माझं गुपित

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाकडे ससा आहे का? असेल तर ही गोष्ट नीट वाचा. नसेल तरी वाचा. कारण ही गोष्ट नुसती सशाची नाही. ती घरोघरच्या औषधांच्या डब्याची आहे आणि थोडीशी माझ्या भित्रेपणाचीही आहे.

साल होतं १९९६. मी सातवीत होते. आमच्याकडे भुरू नावाचा राखाडी ससा होता. आई पोळ्या लाटायला बसली की स्वारी उंबऱ्यावर हजर! पोळीचा तुकडा, बिस्किट, गाजर, जे मिळेल ते मटकावायचा. आम्हाला वाटायचं, किती लाड करतोय आपण याचे!

दिवाळीच्या सुट्टीत एकदा भुरूची हनुवटी ओली दिसली. पाणी पिताना भिजली असेल म्हणून मी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. गाजर तोंडात घ्यायचा आणि तसंच टाकून द्यायचा. मांडीवर घेऊन चाचपलं, तर खालच्या जबड्याला बोराएवढी टणक गाठ लागली.

“शनिवारी दवाखान्यात नेऊ,” बाबा म्हणाले. पण तो होता बुधवार! मला काही धीर धरवेना. तेवढ्यात फ्रिजच्या दारातली बाटली आठवली. धाकट्या बंडूचा घसा सुजला होता, तेव्हाचं ते गुलाबी, गोड औषध. त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन नावाचं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक होतं. बंडूला दोन दिवसांत बरं वाटलं आणि बाटली अर्धी उरली. बंडूची सूज उतरली, मग भुरूची का नाही उतरणार? मी कुणालाही न सांगता त्याला चमचा चमचा औषध पाजलं. बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी दोनदा.

शुक्रवारी सकाळी भुरू कोपऱ्यात पाठ फुगवून बसला होता. पाल्याला तोंड लावेना. रोजच्या गोल लेंड्यांऐवजी पाण्यासारखी हगवण लागली होती. बाबांनी कामावर जाणं रद्द केलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, जबडा पाहिला आणि विचारलं, “याला काही औषध दिलंत का?”

“छे, काहीच नाही,” बाबा म्हणाले.

मी फरशीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बाळ, खरं काय ते सांग. तू सांगितलंस तरच याला वाचवायचा रस्ता मला सापडेल.”

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी लगेच भुरूच्या कातडीखाली सलाईन दिलं आणि ते औषध बंद करायला सांगितलं. मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी अजून विसरलेले नाही.

सशाच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते. तिथे कोट्यवधी चांगले जिवाणू राहतात आणि गवत पचवायला मदत करतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं, की हे चांगले जिवाणू मरतात. त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियमसारखे वाईट जिवाणू माजतात आणि विष तयार करतात. जे औषध बंडूला बरं करतं, तेच सशाचा जीव घेऊ शकतं! गंमत म्हणजे, त्याच कुळातलं पेनिसिलिन जनावरांचे डॉक्टर सशाला इंजेक्शनानं देऊ शकतात. कारण तेव्हा ते थेट पोटात जात नाही.

“पण आमच्यासारखं गळू पिकून फुटणार नाही का?” मी विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमचा पू पातळ असतो, वाहून जातो. सशाचा पू श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट. त्याभोवती जाड पिशवी तयार होते. नुसतं औषध त्या पिशवीच्या आत नीट पोचत नाही. म्हणून पिशवीच काढावी लागते आणि मग औषध.”

आणि गळू झालं कशानं? आमच्या लाडांनी! सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत तासन्‌तास चावून ते झिजतात. पोळी-बिस्किटांनी कुठले झिजायला? दात वेडेवाकडे वाढले, मुळं जबड्यात रुतली आणि तिथे जंतू शिरले.

पुढचे पाच दिवस आम्ही भुरूला सुई नसलेल्या पिचकारीनं पातळ खाणं भरवलं. कारण सशाचं पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल थांबते. सहाव्या दिवशी ताटलीत चार गोल लेंड्या दिसल्या आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! लेंड्यांसाठी टाळ्या वाजवणारं आमचं एकटंच घर असेल.

तब्येत सुधारल्यावर डॉक्टरांनी भूल देऊन गळवाची पिशवी आणि किडलेला दात काढला. मग दिवसाआड पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही कित्येक आठवडे. जखम भरली, केस आले, तरी डॉक्टर थांबेनात. मी म्हटलं, “आता बरा झालाय की!”

“बंडूच्या वेळी तुम्ही हेच म्हणालात,” ते हसले. “मला सांग, ते औषध उरलंच का?”

मी गप्प. खरंच, डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस बंडूला औषध दिलं असतं, तर बाटली उरलीच नसती. मधेच औषध सोडलं, तर राहिलेले चिवट जंतू पुन्हा डोकं वर काढतात. पुढच्या वेळी तेच औषध त्यांच्यावर चालेलच असं नाही.

वर्षभरानं भुरूला गळू पुन्हा झालं. सशांमध्ये असं होतं. पण या वेळी मी दर रविवारी त्याचा जबडा चाचपत होते, म्हणून वाटाण्याएवढं असतानाच सापडलं. भुरू त्यातूनही उठला आणि पुढे तीन वर्षं आमच्या अंगणातली हरळी खात राहिला. बिस्किटं बंद झाली आणि गाजर फक्त सणासुदीला.

म्हणून सांगते, मुलांनो, सशाला भरपूर गवत द्या. त्यानं खाणं सोडलं, तर “उद्या बघू” म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आई-बाबांनो, उरलेल्या औषधांचा डबा आजच उघडून बघा. आणि डॉक्टरांनी “काही दिलंत का?” असं विचारलं, तर माझ्यासारखं फरशीकडे बघत बसू नका. चटकन सांगून टाका.